लेखन विभाग

फलक वस्तीच्या वळणावर लागला होता, बेगडेवाडी स्टेशनातून वर येणाऱ्या माणसाच्या थेट डोळ्यांसमोर. कोथिंबिरीची जुडी आणायला निघालेल्या सरूबाई जुडी विसरून तिथंच उभ्या राहिल्या. नजर अठ्ठ्याऐंशी वर्षांची, शाळा चौथीपर्यंतची. दोन्हींनी मिळून एकेक अक्षर उचललं.

‘मावळचे भूषण, ज्येष्ठ पटकथाकार मा. निवृत्ती ओव्हाळ यांचे हार्दिक अभिनंदन.’

खाली धाकट्या भावाचा फोटो. गेल्या साली कुणाच्याशा लग्नात बांधलेला फेटा तसाच होता. हातात पेन नव्हतं, म्हणून छापणाऱ्यानं बाहेरून आणून चिकटवलं होतं, टोक आभाळाकडे.

“पेन उलटं धरलंय,” सरूबाई स्वतःशीच म्हणाल्या आणि माघारी वळल्या.

घरी आल्यावर त्यांनी चूळ भरली, पदर खोचला आणि प्रतीक्षाला हाक मारली. प्रतीक्षा म्हणजे निवृत्तीची नात. वडगावच्या कोर्टात एका वकिलाच्या हाताखाली नुकती लागलेली.

“कणगीमागचं जातं पडवीत घे.”

“आत्याआजी, काय दळायचंय? गिरणी आहे ना.”

“गिरणीला ऐकू येत न्हाई.”

प्रतीक्षानं खाली पोतं अंथरून जातं ओढत आणलं. दगडी पाळ्यावर इतकी धूळ होती की बोटानं नाव लिहिता आलं असतं. सरूबाईंनी ती ओल्या फडक्यानं पुसली, लुगड्याच्या काठानं कोरडी केली. सत्तावन्नच्या सुमाराला, धम्मदीक्षेनंतर, त्यांच्या बापानं देव्हारा उचलून इंद्रायणीत सोडला तेव्हा आईनं एवढंच विचारलं होतं, जात्याचं काय करू. बाप म्हणाला होता, जातं देव न्हाई, ते कामाचं हाये. त्या दिवसापासून जात्यावरच्या ओव्यांतले देव गेले आणि रिकाम्या जागेत सरूबाईंचे स्वतःचे बोल येऊन बसले.

*

निवृत्तीच्या मुलानं, प्रदीपनं, आत्याला पडवीत बसलेली पाहिलं आणि त्याला कळलं, फलक तिनं वाचलाय.

तळेगावच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस. यंत्राच्या नुसत्या आवाजावरून पुढं काय होणार ते त्याला समजे. आत्याचा आवाजच येत नव्हता. हे जास्त वाईट.

“आत्या, चहा घेतला का?”

“भूषण उठलं का?”

“कोण?”

“मावळचं.”

प्रदीप पायरीवर टेकला. अकरा वाजता रेणुका मॅडम येणार होत्या. जुने चित्रपट दुरुस्त करून पुन्हा दाखवणाऱ्या मुंबईच्या एका संस्थेत त्या कामाला होत्या. सांजदीप चित्र या बंद पडलेल्या कंपनीच्या मालकाच्या घरी एका पेटीत त्यांना चार वह्या सापडल्या होत्या, चार चित्रपटांच्या. प्रत्येक वहीच्या शेवटी एकच ओळ होती: ‘लिहिणार निवृत्ती, मुक्काम बेगडेवाडी.’ त्या ओळीला धरून बाई महिन्यापूर्वी दारात आल्या होत्या. पुढच्या रविवारी लोणावळ्यात ‘कोरी घागर’ पुन्हा पडद्यावर येणार होता. चौसष्ट वर्षांपूर्वी पडद्यावरच्या पाटीवर लेखकाचं नावच नव्हतं. नुसतं ‘संवाद: लेखन विभाग’. आता चित्रपटाआधी नवी पाटी लागणार होती, खऱ्या लेखकाच्या नावाची. आज त्यावर सही व्हायची होती.

“आत्या, माझं ऐकून घे. आबांनी आयुष्यभर रेल्वेच्या रुळांच्या कडेनं कंदील धरला. कुणी कधी खुर्ची दिली नाही. परवा दोन जिने चढले तर छातीला हात लावून बसले. आता चार लोक शाल घालतायत तर घालू दे ना.”

“घाल की. रुळांची घाल. रूळ त्यानं नीट राखलं.”

“तुला काय कमी पडतंय? नाव घरातच राहतंय. ओव्हाळ ते ओव्हाळच.”

“मग तुझ्या पगाराच्या चिठ्ठीवर माझं नाव टाक. मी बी ओव्हाळच हाये.”

प्रतीक्षाला हसू आलं. प्रदीपनं तिच्याकडे पाहिलं तशी ती गंभीर झाली, पण वडिलांच्या बाजूनं नाही.

“पप्पा, हे बरोबर नाही. वह्या आत्याआजीच्याच आहेत, हे मी लहानपणापासून ऐकतेय.”

“ऐकतेयस. कागद आहे का? तूच वकील ना? वहीवर नाव कुणाचं, अक्षर कुणाचं?”

कोर्टात दोनच महिन्यांत प्रतीक्षाला कळलं होतं की ऐकलेलं आणि लिहिलेलं समोरासमोर आलं की ऐकलेलं मागं सरतं. ती हळू आवाजात म्हणाली, “आत्याआजी, एखादा तरी पुरावा असेल तुझ्याकडे.”

“मी पुरावा द्यायचा?” सरूबाईंनी नाचणीचं सूप पुढं ओढलं. “ज्यानं खाल्लंय त्यानं सांगावं चव काय हुती. मी कुणाला परीक्षा देत न्हाई. एकोणसत्तर साली दिली न्हाई, आता मरायच्या वाटंवर देऊ?”

एकोणसत्तर साली त्या लोणावळ्यातल्या बंगल्याची पायरी उतरल्या होत्या. त्याच बंगल्यात बारा वर्षांपूर्वी झाडलोट करायला लागल्या होत्या. सिनेमावाले तिथं येऊन बसत, पानं लिहीत, फाडत. दिग्दर्शक सबनीस मास्तर एकदा सासूचं भांडण लिहिताना तीन दिवस अडकले. ओसरी पुसता पुसता सरूबाई म्हणाल्या, साहेब, अशी सासू भांडत नसती, सासू भांडायच्या आधी भांडी घासती. मास्तरांनी मान वर केली. मग कशी भांडते ते सांगा, म्हणाले. त्या दिवसापासून चार चित्रपट. कथा त्यांची, माणसं त्यांची, बोलणं त्यांचं. पहिल्या चित्रपटानंतर नाव मागितलं, कंपनीचे मालक म्हणाले पुढच्याला बघू. दुसऱ्यानंतर म्हणाले, बाईचं नाव बघून वितरक कचरतात. तिसऱ्यानंतर काहीच म्हणाले नाहीत, फक्त आडनाव पुन्हा एकदा विचारलं. चौथ्यानंतर सरूबाईंनी विचारलं नाही. नाव न्हाई तर बोल न्हाई, एवढं सांगून आल्या आणि भाताच्या खाचरात उतरल्या. कंपनीचा पाचवा चित्रपट दोन आठवडे चालला. लोक म्हणाले, यातली माणसं वर्तमानपत्रासारखी बोलतात.

*

निवृत्ती आतल्या खोलीत इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. बाहेरचं सगळं त्यांना ऐकू येत होतं.

ती मुलगी महिन्यापूर्वी आली तेव्हा तिनं वहीचा फोटो दाखवून विचारलं होतं, “हे अक्षर तुमचं?”

“माझंच.”

“म्हणजे तुम्हीच लिहिलंत, सर?”

“मीच लिव्हलं.”

यात एक शब्द खोटा नव्हता. ते ‘सर’ मात्र कानातून उतरून छातीत जाऊन बसलं. ब्याऐंशी वर्षांत त्यांना कुणी सर म्हटलं नव्हतं. निवृत्ती, ए ओव्हाळ, आबा, एवढीच त्यांची नावं. दुसऱ्या दिवशी सांगू, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी प्रदीप पेढे घेऊन आला.

वहीखाली नाव का घातलं, हेही त्यांना आठवत होतं. तेव्हा वस्तीत लिहिता येणारा तो एकटाच पोरगा. मुंबईच्या गिरणीतल्या नवऱ्यांना बायका पत्रं सांगायच्या, तो लिहायचा, आणि शेवटी रीतीप्रमाणे ‘पत्र लिहिणार निवृत्ती याचा सर्वांना जय भीम’ असं टाकायचा. पत्र त्याचं नसे, पण अक्षर कुणाचं ते पलीकडच्याला कळायला हवं. अक्कानं सांगितलेल्या वह्या लिहून झाल्या तेव्हा त्यानं तशीच ओळ टाकली. सिनेमावाल्यांना पत्राची रीत ठाऊक नसेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

आणखी एक गोष्ट सलत होती. त्या मुलीनं वहीतल्या आडव्या रेघांवर बोट ठेवलं होतं. “सर, वाक्याच्या मधेच या रेघा कसल्या? व्याकरणात बसत नाहीत. पण नायिका नेमकी तिथंच थांबते. तिच्या त्या थांबण्यावर लोकांनी लेख लिहिलेत.”

निवृत्तींनी तेव्हा छताकडे पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, “त्ये लिव्हणाऱ्यालाच कळतं.”

आठवलं की त्यांच्या कानाच्या पाळ्या अजून तापत.

*

रेणुका आली ती साडेअकराला, हातात फाईल आणि चेहऱ्यावर स्टेशनचा चढ. शुभदानं पाणी दिलं. शुभदा म्हणजे प्रदीपची बायको, प्राथमिक शाळेत बाई. सकाळपर्यंत ती नवऱ्याच्या बाजूनं होती; शाळेतल्या सगळ्या बाईंना तिनं रविवारचं आमंत्रण दिलं होतं. निवृत्ती खुर्चीवर येऊन बसले. पडवीत सरूबाई जात्याशी, पाय पसरून.

“सर, ही संमतीची सही,” रेणुकानं कागद पुढं केला. “आणि पाटीचा मजकूर वाचून घ्या. ‘कथा, पटकथा, संवाद: निवृत्ती ओव्हाळ.’ आज संध्याकाळी हा पुढं जाईल.”

बाहेर गाडी आली, थांबली, गेली.

“काही अडचण आहे का?” रेणुकानं सगळ्यांकडे पाहिलं.

“न्हाई अडचण,” सरूबाई म्हणाल्या. “पोरी, त्या जुन्या कंपनीच्या नावानं एक पत्र तुज्या हापिसात धाडायचंय. न्हेशील?”

“हो. कुणाचं पत्र, आजी?”

“माजं. निवृत्ती, वही घे. लिही.”

प्रदीप उठला. “आत्या, आता हे कशाला? मॅडमना मजकूर पुढं पाठवायचाय.”

“पत्राला येळ लागत न्हाई. माजा भाऊ पटकथाकार हाये, भराभरा लिव्हल.”

निवृत्तींनी बहिणीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती, खुंटा चाचपत होती. प्रतीक्षानं न सांगता वही आणि पेन आजोबांच्या मांडीवर ठेवलं.

सरूबाईंनी खुंट्याला हात घातला आणि ओढलं. जातं अर्धा फेरा फिरून थांबलं. पुन्हा ओढलं. दगड हलला नाही.

शुभदा दारात उभी होती. दरवर्षी शाळेच्या संमेलनाचं सगळं निवेदन ती रात्री जागून लिही आणि मुख्याध्यापक ते स्वतःच्या नावानं वाचत. शेवटी आभार मानताना ते म्हणत, आणि पडद्यामागच्या सर्व हातांचे. पंधरा वर्षं ती टाळ्या वाजवत आली होती. तिला त्या ‘सर्व हातांची’ आत्ताच का आठवण यावी, तिलाच कळलं नाही. तिनं साडी सावरली आणि सरूबाईंच्या समोर, जात्याच्या पलीकडे जाऊन बसली.

“शुभदा,” प्रदीप म्हणाला.

“हात दुखतायत त्यांचे,” ती म्हणाली आणि खुंट्यावर सरूबाईंच्या हाताखाली आपला हात ठेवला.

दोघींनी ओढलं. दगड घरघरला आणि मग सुरात लागला. सरूबाईंच्या तोंडून आधी ओवी आली, कुणासाठी नाही, सवयीनं.

*दगडावरी दगड, मधी नाचणीचा दाणा,*
*बाई माझिया बोलाचा, कुणी पुसंना ठिकाणा.*

“हे लिहायचं का?” निवृत्तींनी विचारलं. आवाज पोरासारखा निघाला.

“ह्ये न्हाई. फुडचं लिही. सांजदीप चित्र यांस, सरूबाईचा जय भीम. पत्रास कारण की, तुमची ‘कोरी घागर’ मी सांगितली. तीत सून घर सोडून जाती, तवा ती दारात काय बोलती, त्ये तुमी इसरला असाल, म्हून पुन्यांदा सांगते.”

जातं फिरत होतं. निवृत्तींचं पेन चालत होतं. सरूबाई डोळे मिटून बोलू लागल्या, आणि रेणुकाचा हात फाईलवर थांबला, कारण हा प्रवेश तिला पाठ होता.

“उंबरा तुमचा हाये,” सरूबाई म्हणाल्या. मूठभर नाचणी जात्याच्या तोंडात सोडली. फेरा पुरा झाला. “वलांडनारं पाऊल माजं.” फेरा. “दार तुमचं हाये,” मूठ, फेरा, “उगडनारा हात माजा. आता मागं बगा,” मूठ, फेरा, “कोन ऱ्हायलंय, आन् कोन गेलंय.”

पीठ पाळ्याच्या कडेनं पडत होतं. रेणुका उठली, निवृत्तींच्या खुर्चीमागं गेली आणि वहीत वाकून पाहिलं.

“सर.”

निवृत्तींचं पेन थांबलं.

“ही रेघ तुम्ही आत्ता का ओढलीत? इथं, ‘तुमचा हाये’च्या पुढं. आणि इथं. आणि इथं.”

निवृत्तींनी पानाकडे पाहिलं. तीन रेघा होत्या. हातानं त्यांना न विचारता ओढल्या होत्या, चौसष्ट वर्षांपूर्वी ओढायचा तशाच.

“अक्कानं घास घातला,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“जात्याला घास घालताना तिचं बोलनं थांबतं. म्या थांबायचो तितं रेघ मारायचो, वळ चुकू नये म्हून. ह्ये… लिव्हणाऱ्याला कळतं म्हनलो हुतो ना तुमाला. लिव्हणाऱ्याला काय बी कळत नव्हतं, बाई. नाचणी हुती ती.”

रेणुका खाली बसली, जमिनीवरच, फाईल मांडीवर घेऊन. तिच्या संस्थेनं त्या थांबण्यावर एक अख्खं चर्चासत्र ठेवलं होतं.

“आबा, तुम्ही थकलाय,” प्रदीप म्हणाला. “नंतर बोलू.”

“न्हाई रं. आत्ता बोलू दे, न्हाई तर हा सदरा अंगात रुतंल.” निवृत्तींनी गळ्याशी बटण सोडलं. “ती वाक्यं म्या पिच्चरच्या आदी चार वर्सं ऐकली. सत्तावन साली. बापाबरुबर तिला आनायला गेलतो, तिच्या सासरी, कामशेतच्या पल्याड. सासऱ्यानं दारात काठी आडवी धरली हुती. ही काठीवरनं पाय टाकून आली. आली, आन् वळून ह्येच बोलली. म्या चौदा वर्साचा. वाटंत इचारलं, अक्का, तुला भ्या न्हाई वाटलं? म्हनली, वाटलं, पर त्ये मागं ठिवून आले.”

जातं थांबलं होतं. शुभदाच्या हातावर सरूबाईंचा हात तसाच होता.

“मग महिनाभर गप्प का बसलास?” सरूबाईंनी विचारलं. भावाकडे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

“तिनं सर म्हनलं, अक्का.”

सरूबाईंनी पाळ्याच्या कडेचं पीठ हातानं गोळा केलं. मग म्हणाल्या, “मला सांगायचं हुतंस. मी म्हनले असते, सर.”

निवृत्तींनी फेट्याच्या जागी, उघड्या डोक्यावरून हात फिरवला. डोळे पुसले नाहीत.

प्रदीप पायरीवर तसाच बसून होता. लहानपणी आबा त्याला गोष्ट सांगत, काठीवरून पाऊल टाकणाऱ्या बाईची. ती गोष्ट आहे असंच तो समजत आला होता. आता ती बाई समोर नाचणीच्या पिठात हात घालून बसली होती आणि त्यानं तिला सकाळी विचारलं होतं, तुला काय कमी पडतंय.

“पत्र पुरं करू,” सरूबाई म्हणाल्या. “लिही. लेखन विभाग म्हंजी मी आन् माजं जातं. दुसरं कुनी नव्हतं. पाटीवरनं विभाग काडा, सरूबाई ओव्हाळ घाला. आडनावासकट. अक्षर बारीक नको. मला चष्म्याबिगर वाचता आलं पायजे.”

रेणुकानं जुना कागद घडी घालून फाईलच्या तळाशी ठेवला. “आजी, तुमच्या सहीचा नवा कागद लागेल. मी इथंच लिहून देते. पण वरचे लोक विचारतील, चौसष्ट वर्षांनी हे का.”

“सांग त्यांना, उशीर मी केला न्हाई.”

“आणि मी कायद्याचं बघते,” प्रतीक्षा म्हणाली. “आबा, तुमचा जबाब लिहून घेईन. रेघांसकट.”

निवृत्तींनी शेवटची ओळ लिहायला घेतली. ‘कळावे. सांगणार सरूबाई ओव्हाळ.’ मग पेन उचललं आणि टोपण लावलं.

“का थांबलास?”

“बास की. झालं.”

“तुजं नाव टाक.”

“नको अक्का. त्याच्यानंच सगळा घोळ झाला.”

“घोळ त्यांनी केला, ज्यांनी सांगणारं कोन त्ये इचारलं न्हाई. वह्यांत वर माजं नाव नव्हतं, आता हाये. लिव्हणाऱ्याचं नाव नसल तर पत्र निनावी. टाक.”

निवृत्तींनी टोपण काढलं. जुन्या वळणदार अक्षरात लिहिलं: ‘लिहिणार निवृत्ती, मुक्काम बेगडेवाडी. सर्वांना जय भीम.’

रेणुका साडेचारला निघाली. प्रदीप तिला स्टेशनापर्यंत सोडायला गेला आणि येताना वळणावर थांबला. वस्तीतली दोन माणसं बघत होती. त्यातला एक म्हणाला, काय रं, भूषण उतरवतोस व्हय? प्रदीपनं सुतळ्या तोडल्या, फलक गुंडाळला आणि खांद्यावर टाकून घरी आला.

“आत्या, हा कुठं टाकू?”

सरूबाई सुपातली उरलेली नाचणी पाखडत होत्या. “टाकतोस कशाला? चांगला जाड हाये. अंगणात अंथर. आतलं भात उन्हात घालायचंय उद्या.”

प्रदीपनं फलक अंगणात पसरला. फेट्यातले निवृत्ती आभाळाकडे बघू लागले, चिकटवलेलं पेन हातात.

“असा नको,” सरूबाई पडवीतून म्हणाल्या. “त्वांड खाली घाल. म्हातारं हाये, ऊन लागंल त्याला.”